कॅरीचं मैदान, उरुग्वेचा कोच आणि आमची शांत मुलगी

न्यू जर्सीतलं आयसेलिन ते नॉर्थ कॅरोलिनातलं कॅरी साडेसात तास, असं फोन सांगतो. फोन शुक्रवारी दुपारी वॉशिंग्टनच्या आसपास कधी अडकलेला नसतो. आम्हाला दहा तास लागले. जाणाऱ्यांनी पहाटे निघावं, नाहीतर पराठे जास्त घ्यावेत.

निघालो होतो लेकीच्या निवड चाचणीसाठी. इरा सोळा वर्षांची, फुटबॉलमध्ये बचावफळीत खेळते. कॅरीजवळच्या एका निवासी अकादमीत बचावपटूची एकच जागा रिकामी होती आणि इराला ती हवी होती. गेलं वर्षभर तिने दुसरं काहीही मागितलेलं नाही. तिथला कोच रूबेन, मूळचा उरुग्वेचा. मी नागपूरचा, क्रिकेटवर वाढलेला, मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही. पण मुलगी कोणाच्या हाती सोपवायची म्हटलं की आपण चौकशी करतोच. स्थळ बघावं तशी मी या माणसाची माहिती काढली.

बालपण माँटेव्हिडिओच्या बंदराजवळ. सोळा वर्षं बचावफळीत, तीन देशांतले क्लब, अख्ख्या कारकिर्दीत दोन गोल. चौतिसाव्या वर्षी अमेरिकेत आला, दोन मोसम खेळला, गुडघा गेला, मग कोच झाला. झगमगाट नाही, पण माणूस टिकाऊ दिसत होता. गाडी व्हर्जिनियात मुंगीच्या पावलांनी सरकत असताना मी हे सगळं इराला ऐकवलं. "आय नो, बाबा," एवढंच ती म्हणाली.

पीटर्सबर्गला ९५ नंबरचा हायवे सोडून ८५ धरला की रस्ता मोकळा होतो, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं. कॅरीत आम्ही शुभदाकाकूंकडे उतरलो, म्हणजे बायकोच्या मैत्रिणीच्या आईकडे. हॉटेलं भरपूर आहेत, पण तिथे साबुदाण्याची खिचडी मिळत नाही. किती शांत मुलगी आहे, असं काकू इराकडे बघून दोनदा म्हणाल्या आणि मी दोन्ही वेळा खूश झालो. मोठ्यांपुढे आवाज चढवायचा नाही, हे तिला मीच शिकवलंय.

चाचणी दोन दिवसांची होती. शनिवारी सकाळी मैदानावर. खुर्च्या आपल्या आपण न्याव्या लागतात, आणि ऑक्टोबर असला तरी टोपी हवीच. चाचणीला आलेल्या बहुतेक मुली इराहून मोठ्या होत्या. इराच्या शेजारी खेळणारी मेगन सारखी पुढे धावायची आणि मागे मोकळं रान सोडायची. इरा ते बघायची, धावत जाऊन दोघींचं काम करायची आणि गप्प राहायची. दोनदा ती वेळेवर पोचली. तिसऱ्यांदा गोल झाला.

मधल्या सुट्टीत रूबेन आमच्याकडे आला. ही मुलगी सगळं बघते पण कोणालाच सांगत नाही, असं तो म्हणाला. मी तिची बाजू घेतली, की मेगन मोठी आहे, तिच्यावर कशी ओरडणार. तो हसला नाही. गवतावर बसला आणि माझ्या चौकशीत न सापडलेली एक गोष्ट त्याने इराला सांगितली. अमेरिकेतल्या पहिल्या मोसमात त्याचं इंग्रजी कच्चं होतं. आयुष्यभर मैदानावर ओरडलेला हा माणूस लोक हसतील म्हणून गप्प राहिला. एका सामन्यात तो आणि त्याचाच गोलकीपर एकाच चेंडूवर धावले आणि एकमेकांवर आदळले. गोलकीपरचा जबडा मोडला. 'माझा' एवढंच ओरडायला हवं होतं.

"आय न्यू द वर्ड," रूबेन म्हणाला. "आय वॉज बीइंग पोलाइट."

काकूंकडे परत जाताना गाडीत मी इराला म्हटलं, "उद्या ओरड."

"यू टॉट मी नॉट टू," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. ऐकून मला वाईट वाटलं.

रविवारी काकू थर्मासमध्ये चहा घेऊन आल्या. अर्धा सामना तसाच गेला. मग मेगन पुन्हा पुढे निघाली आणि मैदानभर आवाज घुमला, "होल्ड, मेगन! होल्ड!" मेगन जागेवर थांबली. चेंडू नेमका तिथेच आला, तिने तो अडवला. "ही आपली इरा?" काकूंनी विचारलं. आधी मला ओशाळल्यासारखं झालं, सवयीने. पुढची वीस मिनिटं इरा ओरडत होती आणि मी चहा प्यायचा विसरलो होतो.

परतीच्या वाटेवर रिचमंडला कॉफी घेतली, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आठवड्याने ईमेल आला. जागा दुसऱ्या मुलीला मिळाली होती. इराला मार्चमध्ये पुन्हा चाचणीला येता येईल, असं खाली लिहिलं होतं. जेवताना मी भात कालवत समजूत घालायला लागलो, की झालं ते बरं झालं, इतक्या लांब एकटी राहणार कशी, इथेही चांगले कोच...

"बाबा, होल्ड."

मैदानावरचाच आवाज. बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला.

"मला मार्चमध्ये परत जायचंय," इरा म्हणाली. एरवी आमच्या मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी माझी मुलगी हे मराठीत बोलत होती. "पहिल्या दिवसापासून ओरडणार आहे. आणि माझं अजून संपलेलं नाहीये."

या घरात माझ्यावर आजवर कोणी आवाज चढवला नव्हता. मी हातातला घास ताटात ठेवला आणि तिचं सगळं ऐकून घेतलं.