जेबेझला कोण उठवत असे?

मॅव्हिस टॅटरसॉलने उभा जन्म हॅगशॉच्या शाळेत मुलांना जेवण वाढण्यात घालवला. त्यातून तिला एक खोड जडली. कुणी ताटात काही टाकलं की ती कारण विचारायची, आणि कारण पटेपर्यंत समोरून हलायची नाही. नोकरी संपली, मुलं सुटली, तेव्हा तिने मोर्चा मेलेल्या माणसांकडे वळवला.

हॅगशॉत आता कापडगिरण्या उरल्या नाहीत. गिरणीकामगारांची पतवंडं मात्र मुबलक आहेत, आणि पाऊस बारमाही. त्यामुळे लायब्ररीत ऊब खात बसून जुन्या खानेसुमारीतून पूर्वज उकरणं हाच गावातला सध्याचा मुख्य उद्योग. मॅव्हिसला त्यात पडायला निमित्त झालं जेबेझ ऑर्मरॉडचं. हा तिच्या आजोबांचा आजोबा. चॅपलमागे त्याच्या आणि बायकोच्या थडग्यावरचा दगड झिजून साबणासारखा गुळगुळीत झाला होता. मॅव्हिसच्या धाकट्या भावाने, विल्फने, नवा दगड सांगितला. नावांखाली एकच ओळ बसणार होती, आणि ती विल्फने ठरवूनही टाकली होती: 'गिरणीचे व्यवस्थापक'. घरात पिढ्यान्‌पिढ्या तसंच सांगत आले होते. सोमवारी पाथरवटाकडे मजकूर द्यायचा होता.

मॅव्हिस म्हणाली, तेवढी एकदा खात्री करून घेते. बहिणीची खात्री विल्फ लहानपणापासून ओळखून होता.

१८६१ सालच्या पानावर जेबेझ होता विणकर. ठीक आहे, म्हणाला विल्फ, पुढे चढला असेल. दहा वर्षांनंतरच्या पानावर तो खरंच वेगळ्या कामावर होता: 'उठवणारा, व गिरणीत झाडूवाला'. उठवणारा म्हणजे पहाटे लांब काठी घेऊन गल्लोगल्ली माडीच्या खिडक्या ठोठावणारा माणूस. त्याने ठोठावलं नाही तर कामगार झोपून राहत आणि गिरणीचा दरवाजा बंद होई. फोनवर विल्फने ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला की हा दुसराच कुणी जेबेझ असणार. पण घर तेच, बायको टॅबिथा तीच, पोरंही तीच. तेव्हा त्याने माघार घेतली: धंदाच नको, 'प्रेमळ पिता' घालू. तो प्रेमळ होता हे कुठल्या खानेसुमारीत सापडलं, असं मॅव्हिसने विचारलं.

ती स्वतः मात्र शेवटच्या रकान्यात अडकली होती. तिथे जेबेझपुढे लिहिलं होतं: बहिरा.

विणकर बहिरा होणं ही हॅगशॉत बातमी नव्हे. मागांच्या खडखडाटाने निम्म्या गावाचे कान गेले होते. लोक एकमेकांचे ओठ वाचून बोलत. खिडकी ठोठावायलाही कान लागत नाहीत. आत चेहरा दिसेपर्यंत काच वाजवायची. पण त्याआधी जेबेझला स्वतः उठायला हवं. रात्रभर जागत असेल, म्हणाला विल्फ. मग दिवसभर गिरणीत झाडू कुणी मारला, असं मॅव्हिसने विचारलं.

रविवारी दुपारी मॅव्हिसने प्रयोग केला. तिचा नवरा अर्नेस्ट हॅगशॉच्या शेवटच्या मागावरचा माणूस. कानातली यंत्रं काढून ठेवली की तो आणि उशी सारखेच. तिने उशाशी गजर लावला. अर्नेस्ट घोरत राहिला. मग बाहेर जाऊन कपडे वाळत घालायच्या काठीने माडीची खिडकी ठोठावली. शेजारच्या मिसेस होलरॉइड खाली आल्या आणि घर पेटलंय का विचारू लागल्या. अर्नेस्ट घोरतच होता. शेवटी वर जाऊन तिने, लग्न झाल्यापासून रोज सकाळी हलवते तसा, त्याचा खांदा हलवला.

"चहा झाला?" अर्नेस्ट म्हणाला.

मॅव्हिस पलंगावर टेकली ती तशीच बसून राहिली. मग चहा न करताच तिने विल्फला फोन लावला.

टॅबिथापुढच्या धंद्याच्या रकान्यात गणतीवाल्याने नुसती रेघ ओढली होती. त्या गल्लीतल्या जवळजवळ सगळ्याच बायकांपुढे रेघ होती. बाई लग्नाची आहे म्हटल्यावर ती काय करते हे विचारायला तो थांबलाच नव्हता.

"तिला त्याच्याआधी उठावं लागत होतं, विल्फ. रोज. ती उठली म्हणून तो उठला, तो उठला म्हणून गल्ली उठली."

"हा तुझा अंदाज झाला. पुरावा काय?"

"काही नाही. तुझ्या व्यवस्थापकाला होता?"

विल्फ आयुष्यभर विम्याचे दावे तपासत आलेला माणूस. त्याला हे लागलं, आणि पटलंही. त्याने विचारलं, "मग तिला कोण उठवत होतं?"

मॅव्हिसने टिपून आणलेलं पान पुन्हा पाहिलं. पोरांच्या रांगेत सगळ्यात खाली एक एलायझा होती, दोन महिन्यांची.

"तान्हं होतं घरात," ती म्हणाली.

विल्फ इतका हसला की त्याला फोन बायकोच्या हाती द्यावा लागला. परत आला तेव्हा आवाज बदलला होता. एका ओळीत बाळ काही मावणार नाही, तो म्हणाला, पण बायको मावेल. अक्षर जरा बारीक करायला सांगतो.

सोमवारी तो स्वतःच पाथरवटाकडे गेला. आता चॅपलमागे त्या दोघांच्या नावांखाली लिहिलेलं आहे: 'तो गावाला उठवी, ती त्याला'.