चकलीची जाहिरात

सिटीवेस्ट या आयरिश उपनगरात आमच्या वरच्या मजल्यावर ब्राझिलची एक बाई राहायची. ती वृद्धाश्रमात कामाला होती, आणि रविवारी दुपारी एका इंटरनेट रेडिओवर तासभर तिच्या मुलखातली गाणी लावायची. अकॉर्डियन, ढोल आणि अस्सल गावरान बोली. २०२०च्या लॉकडाउनमध्ये ती गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांमध्ये बसून बोलायची. तिथे आवाज घुमत नाही म्हणे.

कुठली जाहिरात कुठे चालेल हे सांगणं माझं पोटापाण्याचं काम. तिने जिन्यात विचारलं, "हा कार्यक्रम पुढे चालेल का?" आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला.

"एवढ्याशा भागाची गाणी ऐकणार कोण? स्पॅनिश हिट्स लावा. आयरिश लोकही नाचतील, जाहिरातदार येतील."

"स्पॅनिश आमची भाषाच नाही," ती म्हणाली. "तुमच्या दिवाळीत तुमच्या भाषेतली गाणी किती वाजतात?"

बॉल्सब्रिजच्या हॉटेलात होणाऱ्या आमच्या मंडळाच्या दिवाळीत सगळी हिंदी गाणी. मराठी एखादं, तेही जेवणाची रांग लागल्यावर. यावर दरवर्षी कुरकुर करणारा मीच.

तिला जाहिरातदार एकच होता, एक ब्राझिलियन किराणा दुकान. इंग्रजी शिकायला आलेली ब्राझिलियन मुलं, म्हणजे दुकानाचं गिऱ्हाईक, मायदेशी परतली आणि दुकानाला टाळं लागलं. तरी पुढच्या रविवारी तिने ती जाहिरात वाचलीच. मी मास्क लावून वर गेलो.

"अहो, बंद दुकानाची जाहिरात कशाला?"

"गावाकडे आई ऐकते. तिच्या मते जाहिरात असलेला रेडिओच खरा. जाहिरात थांबली, तर लेकीचं इथे काही खरं नाही असं समजेल."

धंदा म्हणून त्या कार्यक्रमात काही दम नव्हता, हे मी आजही सांगेन. पण त्याच संध्याकाळी मी तिला बायकोच्या चकल्यांची जाहिरात लिहून दिली. रविवारी तिने ती पोर्तुगीजमध्ये वाचली. आम्हाला कळला तो 'चकली' एवढा एकच शब्द.

"अरे, खरंच ऑर्डर आली तर? भाजणी संपलीये!" बायको म्हणाली.

ऑर्डर एकच आली. तिच्या आईने गावाहून लेकीला फोनवर सांगितलं, माझ्यासाठी एक पाकीट ठेव. बायकोने ते खरोखरच कपाटात, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसमध्ये, बाजूला ठेवलं. त्यानंतर दर रविवारी चकली वाजू लागली.

पुढच्या वर्षी आईला कोविड झाला. लेकीला जाता येईना. आई दवाखान्यातूनही कार्यक्रम ऐकते, असं तिने आम्हाला सांगितलं होतं.

मग एका रविवारी आम्ही नेहमीसारखा रेडिओ लावला. एक गाणं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. मधे ती एक शब्द बोलली नाही. आम्ही दोघं चकलीची वाट बघत ओट्यापाशी उभे. तास संपला.

"गेली रे तिची आई," बायको म्हणाली, आणि तिने प्रेस उघडून ते पाकीट काढलं.