बाष्पीभवनाचे पात्र

वेधशाळेतल्या निरीक्षकाला वस्तीत ‘पारा’ म्हणत, कारण त्याचा स्वतःचा पारा चढलेला कोणी पाहिला नव्हता. बावीस वर्षे तो रोज सकाळी साडेआठला तापमान, आर्द्रता आणि पाऊस टिपत आला होता. जुन्या वह्या चाळताना त्याच्या ध्यानात आले, की पाऊस पडून गेल्यावर हवा आठवडाभर उबदार आणि दमट राहिली, तर पुढे महिन्याभरात दवाखान्यापुढे तापाच्या रुग्णांची रांग लागते. त्याने आरोग्य खात्याला तीन पत्रे लिहिली. ‘आपण आपली हवा पाहावी,’ एवढेच उत्तर आले.

“त्यांना अक्कल शिकवायला निघालास, आणि स्वतःच्या अंगणात काय वाढून ठेवलंयस?” थोरली बहीण म्हणाली. नवरा गेल्यापासून ती त्याच्याच सरकारी खोल्यांत राहत होती. तिच्या खिडकीखाली बाष्पीभवन मोजायचे रुंद, उघडे पात्र होते. वरची जाळी पाखरांना अडवी, डासांना नव्हे. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

“ओतून टाक ते.”

“ताई, पाणी बदलायचं पहिल्या तारखेला. मध्येच बदललं तर नोंद तुटते.”

“मग दोन थेंब तेल तरी टाक.”

“तेलाखाली पाण्याची वाफ होत नाही. आकडा खोटा येईल.”

“तुझा आकडा खरा राहू दे, बाबा. माझी वाफ झाली तरी तुझ्या वहीत थोडीच दिसणार आहे!”

तोही हसला. पहिली तारीख नऊ दिवसांवर होती.

त्या तारखेला त्याने पात्र घासून लख्ख केले. तोवर अळ्यांचे डास होऊन उडून गेले होते. पत्रातल्या अंदाजाबरहुकूम, महिना उलटायच्या आत वस्तीत ताप आला आणि ताई फणफणली. पाचव्या दिवशी ताप उतरला म्हणून ती उठून बसली, आणि त्याच संध्याकाळी हातपाय गार पडून गेली.

मग आरोग्य खात्याचा साहेब फवारणीवाले घेऊन आला.

“तुमचं पत्र तंतोतंत खरं ठरलं, राव,” तो म्हणाला आणि खिडकीखाली वाकला. पात्रात पुन्हा अळ्या होत्या. “आणि हे कुणाचं?”

साहेबाने तेल ओतले. निरीक्षकाने अडवले नाही.

दुसऱ्या सकाळी साडेआठला त्याने पातळी मोजली, आणि शेऱ्याच्या रकान्यात नियमाप्रमाणे लिहिले: ‘पात्रात तेल. नोंद अग्राह्य.’ मग मागची पाने उलटून, ताईने तेल टाकायला सांगितले त्या दिवसापासूनच्या प्रत्येक बिनचूक आकड्यापुढे तो ‘अग्राह्य’ लिहीत गेला.