माय आत, किल्ली खिशात

मोबाईल वाजला का माहा हात पह्यले खिशातल्या किल्लीवर जाते. मी अमरावतीच्या धान्य बाजारात पोते उचलतो. गाव भातकुलीकडं. बायको लोकाईच्या वावरात निंदाले जाते, अन् घरी माय.

मायले आता काही याद राहत नाई. एकडाव भर दुपारी ती पायीच माहेरी निघाली. माहेरात तं कोनीच उरलं नाई. तवापासून आमी भाईरून कुलूप लावतो. गावात कोनाले सांगतलं नाई. शेजारच्या काकूनं इचारलं का मी म्हणो, "माय झोपली." लोकाईले वाटे, येवढी झोपनारी सुखी बाई पंचक्रोशीत नसन.

एक दिवस दुपारी काकूचा फोन आला.

"अरे, तुह्या घरातून धूर निघून राहिला! माय कुठी हाय?"

"घरीच."

"मंग भाईरून कुलूप काहून?"

मी खिसा चाचपला. किल्ली माह्यापाशी, माय कुलपात, मंधी सारा रस्ता. मी पयत सुटलो. गेटवाल्यानं अडवलं, "काहून बे, दिवसाढवळ्या चोरी?" तवा समजलं, खांद्यावरचं पोतं खाली ठेवाचंच राहिलं होतं.

ऑटोत सारा रस्ता किल्ली मुठीत धरून समोर करून बसलो, जसा ऑटो तिच्यावरच चालून राहिला. ऑटोवाला म्हणे, "भाऊ, माह्याजवळ हाय किल्ली." तरी मी मूठ खाली केली नाई.

गावात पोचलो तं लोकाईनं दाराचा कोंडा तोडला होता. माय काकूच्या ओट्यावर चहा पिऊन राहिली होती. पाव्हने येनार म्हणून तिनं चूल पेटवली, लाकडं सापडले नाई, तं माही लुंगी घातली चुलीत. मी तिच्या पायापाशी बसलो. माय काकूले म्हणे, "कोन हाय व हा? काहून रडून राहिला?"

त्याच महिन्यात ग्रामसभा होती. सरपंच बाईनं ठराव मांडला: कामाले जानाऱ्या लोकाईचे म्हातारे अन् बिमार मानसं दिवसभर ठेवाले सरकारनं गावात केंद्र द्यावं. गेल्या साली बी तिनं हाच ठराव मांडला होता. तवा मी मांगून ओरडलो होतो, "मंग बुढ्याईले दप्तर बी द्या, बाई!" सारी सभा हासली, ठराव बुडाला. तवा बी माय कुलपातच होती. लोक हासत राहिले का आपल्या घरचं कोनी इचारत नाई, म्हणून मी हासवतो.

बाई म्हणे, "ज्याले पाह्यजे त्यानं हात वर करा."

एक हात उठला नाई. हात वर केला मंजे मायबाप सांभाळता येत नाई, असं चारचौघात कबूल केलं.

मांगून कोनीतरी ओरडलं, "ए, मायसाठी दप्तर आनलं का?"

हासू फुटलं. मी काहीतरी गंमत कराले उभा राहिलो, पन गंमत सुचे ना. तोंडातून निघालं, "मी मायले कोंडतो. रोज."

मले वाटलं, आता चपला येतीन. मी डोकं बी झाकून घेतलं.

तं मांगून दप्तराचं ओरडला तोच उभा राहिला. खाली पाहून म्हणे, "आमचा बुढा खाटेले बांधलेला असते." अन् त्यानं हात वर केला. मंग एका बाईनं, मंग दोघा भावाईनं. पाहता पाहता अर्ध्या गावाचे हात वर. अर्ध्या गावात कुलपं होते, अन् मले वाटे मीच येकटा राक्षस.

रजिस्टरवर आंगठा देता देता मी इचारलं, "बाई, हे केंद्र कवा येईन?"

"ठराव वर सरकारकडं पाठवतो आमी."

"अन् उद्या?"

बाईचा पेन थांबला. ती म्हणे, "उद्याचं मले बी समजून नाई राहिलं, भाऊ."

सकाळी नवा कोंडा ठोकला. काडीपेटी खिशात घेतली, गॅसचं बटन काढून माळ्यावर ठेवलं, पान्याचा गडवा मायच्या हाताशी ठेवला. बायको म्हणे, "चला, तुमची बस जाईन." मी कुलूप लावलं. बसस्टँडवरून तीनदा परत येऊन दाराले कान लावला. तिसऱ्या डाव मायले चाहूल लागली. आतून ओरडली,

"कोन हाय? घरचे कामाले गेले. सांजच्याले या!"