अर्ध्या गाडीचं म्युझियम

आता कुठून सुरुवात करू? सांगितलं की तुम्ही हसणार, आणि न सांगितलं तर सय्यदभाई सांगणार, मीठ-मसाला लावून. त्यापेक्षा मीच सांगतो. चहा उकळेपर्यंत होईल.

आधी एक कबूल करून टाकतो. जालना जिल्ह्यात स्पोर्ट्‌स कारचं म्युझियम नव्हतं, आजही नाही. पण नव्वदीच्या सुरुवातीला, मे महिन्यातल्या एका रविवारी, ते होतं. एकच दिवस. उभं झालं तेही माझ्या चुकीनं, आणि मोडलं तेही मीच.

मी तेव्हा एमआयडीसीत एका बियाणे कंपनीचं स्टोअर सांभाळत होतो. कंपनीनं इटलीहून बी निवडायचं मशीन आणलं आणि ते बसवायला त्याच्यासोबत एक माणूस आला. ब्रुनो. साठीच्या आसपासचा, उंच, भुवया पांढऱ्या, बोलणं कमी. मशीन बसलं, चाललंही. पण त्याची चाळणी मोठी मानी. ब्रुनो शेजारी उभा असला की सुरळीत चाले. ब्रुनो जेवायला गेला की थरथरून बंद पडे.

ब्रुनोचं परतीचं तिकीट महिनाअखेरचं होतं. पेरणी तोंडावर. त्यानं अजून आठ दिवस राहावं, आमच्या फिटरला त्या चाळणीची नाडी शिकवावी, एवढंच शेठजींना हवं होतं. ब्रुनो नको म्हणत होता. त्याला तरी कसा दोष देणार? बेचाळीस डिग्रीचं ऊन, दिवसातून चार तास वीज गुल, आणि गेस्ट हाऊसचा आचारी वरणालासुद्धा मिरचीची फोडणी देणारा.

शेठजींनी मला बोलावलं. म्हणाले, "बापूराव, तुमचं इंग्रजी बरं आहे. त्याला एक दिवस कुठंतरी फिरवा, खूश करा. तो गेला तर सगळं बी तुम्ही अन् मी मांडी घालून हातानं निवडू."

माझं इंग्रजी म्हणजे जुन्या बाजारातली एक डिक्शनरी आणि वीस वर्षांची चिकाटी. तरी मी धीर करून ब्रुनोला विचारलं, की तुमच्या गावी तुम्ही रविवारी काय करता?

तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला. त्याच्या भागात म्हणे जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांची म्युझियमं आहेत. तासाभराच्या टप्प्यात तीन-तीन. रविवारी तो हौसेनं गाइड होतो. एका वेळी एकच कुटुंब, स्वतंत्र मोटार, दिवसभरात सगळी म्युझियमं आणि मधे जेवण. त्यानं पाकिटातून फोटो काढला. मला वाटलं बायको असेल. लाल रंगाची गाडी होती.

मी मुकाट्यानं त्याला वेरूळला न्यायला हवं होतं. सगळं जग नेतं. पण पाहुण्यानं 'आमच्याकडं अमुक आहे' म्हटलं, तर 'आमच्याकडं नाही' असं म्हणायला आपली जीभ वळते का? मी म्हणालो, "हिअर ऑल्सो."

"म्युझियम?"

"टू," मी म्हणालो, आणि दोन बोटं दाखवली.

अगदीच थाप नव्हती हो. मला बारीकसारीक गोष्टी वहीत लिहून ठेवायची सवय. जुन्या वह्या काढल्या. अंबडच्या एका वकीलसाहेबांकडं टप नसलेली, दोन सीटची विलायती गाडी होती. तशीच एक शहागडला, तिथल्या एका बागायतदारानं फार वर्षांपूर्वी हैदराबादेहून आणलेली. दोन्ही मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या. आता गाडी आहे, ती जुनी आहे, छपराखाली आहे आणि चालत नाही. म्युझियम म्हणजे आणखी काय असतं?

मी ऑफिसच्या टाइपरायटरवर कार्यक्रमपत्रिका तयार केली. खाजगी सहल, दोन म्युझियम, जेवणासह, गाइड बापूराव. शिवाय दहा दिवस आधी दोन्हीकडं पोस्टकार्डं टाकली. 'इटलीचे पाहुणे आपली गाडी पाहण्यास येत आहेत. तरी गाडी स्वच्छ करून ठेवावी.' यात काही वावगं आहे? मलाही वाटलं नव्हतं.

रविवारी सकाळी कंपनीच्या ॲम्बेसेडरमधून निघालो. चालवायला सय्यदभाई. पावणेदहाला अंबड.

वकीलसाहेब फाटकात उभे. त्यांनी आम्हाला मागच्या पत्र्याच्या शेडकडं नेलं, चादर ओढली आणि माझे डोळे दिपले. गाडी चांदीसारखी चमकत होती. कपाटाला लावतात ना, तो रंग. दारं, चाकं, दिवे झाकणारी जाळी, सगळं एकाच रंगात. सीटला गुलाबाच्या फुलांचं नवं रेग्झिन. नाकावर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक.

ब्रुनोनं हळूच बोट टेकवलं. बोट चंदेरी झालं. त्यानं मला विचारलं, की हिचा मूळचा रंग कुठं गेला?

मी ते वकीलसाहेबांना विचारलं. ते अभिमानानं म्हणाले, "पहिला पार जुनाट झाल्ता. खरवडून काढला. दोन पेंटर चार दिवस राबून राह्यले. तुमचं कार्ड आल्तं ना."

मी ब्रुनोला सांगितलं, की ते म्हणतात, आपण आलात, फार आनंद झाला.

ब्रुनोनं चहा घेतला, नमस्कार केला आणि मोटारीत बसून बोट पुसत राहिला. गावाबाहेर आल्यावर त्यानं खिशातून विमानाचं तिकीट काढून पाहिलं.

सय्यदभाईंनी आरशातून माझ्याकडं बघितलं. "बापूसाब, शहागडला भी चिठ्ठी धाडली क्या?"

"धाडली."

"साफ करके रखो, लिखा?"

"लिहिलं."

"मंग इदरसेच वापस चलते. डिझेल तो बचेगा."

पण छापील कार्यक्रमात दोन म्युझियमं होती. मी म्हणालो, चला.

आता शहागडची हकिकत ऐका, कारण खरी गंमत तिथं आहे. गाडीचा मालक वारला तेव्हा दोन मुलं मागं राहिली. थोरले दादाराव, धाकटे भानुदासराव. वाटणी झाली. जमीन निम्मी, विहिरीच्या पाळ्या, आंब्याची तेरा झाडं होती तर तेरावं तोडून लाकडं वाटून घेतली. राहिली गाडी. तिचं काय करणार? विकायची तर दोघांचीही तयारी नाही, आणि सोडायची तर मुळीच नाही. शेवटी पंचांनी बांधावरच्या शेडमध्ये गाडीच्या मधोमध चुन्याची रेघ मारली. स्टिअरिंगची बाजू दादारावांची, दुसरी भानुदासरावांची. शेडच्या दाराला दोन फळ्या, दोन कुलपं. तेव्हापासून अकरा वर्षं भावाभावांत बोलणं नाही आणि गाडीला कुणाचा हात नाही. एकानं नुसता फडका मारला तरी दुसरा म्हणणार, बघा, ताबा सांगून राह्यला.

आणि मी शहागडला कार्डं किती टाकली होती? एक. दादारावांच्या नावे. वडीलधारे म्हणून.

हसू नका. वाटणी झालेल्या घरी लग्नाची पत्रिका असो की बारशाचा निरोप, दोन द्यायचे असतात, हे आपल्याकडं शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतं. मला कळायला शेडसमोर उभं राहावं लागलं. दादारावांची फळी सताड उघडी, दादाराव पांढऱ्या फेट्यात हजर. भानुदासरावांच्या फळीला कुलूप, आणि भानुदासराव लिंबाखाली बाजेवर, आमच्याकडं पाठ करून.

मी जवळ जाऊन नमस्कार केला.

"आमाला कार्ड आल्तं का? न्हाई," ते पाठमोरेच म्हणाले. "मंग पाहुणे आमच्याकडं न्हाईत आले. त्यायनी भावाचं अर्धं पाहावं अन् जावं. आमच्या अर्ध्यात नजर टाकायची न्हाई."

अर्ध्यात नजर टाकायची नाही म्हणजे काय करायचं? ब्रुनोला एक डोळा झाकायला सांगू?

चूक झाली, म्हणालो. वयाचा, उन्हाचा, परदेशी पाहुण्याचा, सगळ्याचा हवाला दिला. भानुदासराव हलेनात. शेवटी म्हणालो, आपल्याला आत्ता निमंत्रण दिलं तर चालेल का?

ते वळले. "लेखी?"

"लेखी."

मी वहीचा कागद फाडला आणि बाजेच्या कडेला टेकून लिहिलं. त्यांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "भावाला 'स्वच्छ करून ठेवावी' असं बी लिहिल्तं म्हणं. सारा गाव सांगून राह्यला. आमाला ते का न्हाई?"

वाद कशाला? मी तेही लिहिलं. सही केली. त्यांनी कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. "आता स्वच्छ करायला येळ न्हाई," म्हणाले, आणि उठून कुलूप काढलं.

दुसरी फळी उघडली. ऊन आत गेलं. आणि मला आख्खी गाडी दिसली.

दादारावांनी माझ्या कार्डाचा अक्षरशः मान राखला होता. त्यांनी गाडी धुतली होती, पुसली होती, खोबरेल लावून चमकवली होती. चुन्याच्या रेघेपर्यंत. उजवा दिवा आरशासारखा, डावा मातीनं आंधळा. उजव्या अंगाला गर्द हिरवा रंग, डाव्या अंगाला अकरा वर्षांची धूळ, कोळ्यांची जाळी, आणि सीटमध्ये कोंबडीनं केलेला खळगा. नंबरप्लेटवरचे दोन आकडे लख्ख, दोन गायब. पुढच्या काचेवरून तर वरून खाली अशी सरळ रेघ गेली होती, की तेवढी मला पट्टी लावूनही मारता आली नसती.

मी डोळे मिटून घेतले. आठ दिवस गेले, बी गेलं, नोकरीही गेली.

ब्रुनोनं डोक्यावरची टोपी काढली. गाडीभोवती एक फेरी मारली. मग गुडघ्यावर बसून त्या रेघेकडं एवढा वेळ बघत राहिला, की सय्यदभाईंना वाटलं ऊन लागलं, ते पाणी घेऊन धावले. ब्रुनो उठला तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

त्याचं म्हणणं मला तुकड्यातुकड्यानं कळलं. त्यांच्याकडं या गाड्यांवरून माणसांचे दोन तट आहेत. एक म्हणतो, जुनी गाडी नव्यासारखी करून ठेवा. दुसरा म्हणतो, सापडली तशीच ठेवा, धूळसुद्धा इतिहास आहे. आयुष्यभर भांडतात, एकमेकांशी बोलत नाहीत. आणि इथं एकाच गाडीवर दोघांचं म्हणणं, शेजारी शेजारी, एका रेघेवर. असं म्युझियम त्यानं त्याच्या मुलखात पाहिलं नव्हतं. ही कल्पना कुणाची?

मी दादारावांकडं पाहिलं. भानुदासरावांकडं पाहिलं. "कमिटी," मी म्हणालो. "टू मेंबर्स."

मग जी सहल झाली तिला तोड नाही. दोन गाइड. स्टिअरिंगचं विचारलं की दादाराव बोलणार, हॉर्नच्या रबरी फुग्याचं विचारलं की भानुदासराव. मधलं काही विचारलं तर दोघंही गप्प. त्या गाडीचं बॉनेट मधल्या बिजागरीवर दोन्हीकडं उघडणारं. दोघांनी आपापली बाजू उचलली आणि ब्रुनोनं आत वाकून लहान लेकराचा मुका घ्यावा तसं इंजिनाला गाल लावला. अर्धा गाल काळा झाला, तो कुठल्या भावाच्या इंजिनानं हे मी विचारलं नाही.

जेवणंही दोन. दादारावांकडं पुरणपोळी, भानुदासरावांकडं आमरस. एकीकडं कमी खाल्लं तर पुन्हा अकरा वर्षं. ब्रुनो दोन्ही ताटं चाटूनपुसून जेवला. मी निघताना दोघांनाही वेगवेगळं सांगितलं, पाहुण्यांना आपली बाजू जास्त आवडली.

जालन्यात शिरता शिरता ब्रुनो म्हणाला, तो आठ दिवस थांबेल. अट एकच, पुढच्या रविवारी पुन्हा शहागड. पुण्यात त्याचा एक देशवाला होता, त्याला बोलावणार आणि चांगला कॅमेरा घेऊन येणार.

सोमवारी काय माझा थाट! शेठजींनी स्वतःच्या कपातला चहा मला बशीत दिला. कँटीनमध्ये माझं नाव 'म्युझियमवाले' पडलं. ब्रुनोनं फिटरला चाळणीची सगळी नाडी शिकवली. शुक्रवारी ब्रुनो मुद्दाम दोन तास जेवायला बसला आणि चाळणी एकदाही थांबली नाही. पहिल्या लॉटच्या पिशव्या शिवून ट्रकमध्ये चढल्या. मी छाती काढून हिंडत होतो. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?

दुसरा रविवार. ब्रुनो, त्याचा पुण्याचा मित्र, कॅमेरा, मी, सय्यदभाई. शहागडला दोन्ही फळ्या आधीच उघड्या. दोघंही भाऊ कडक इस्त्रीत, आपापल्या बाजूला.

मला लांबूनच रॉकेलचा वास आला.

भानुदासरावांनी आपली बाजू धुतली होती. नुसती धुतली नव्हती, भावाच्या वरताण केली होती. पितळ चिंचेनं घासलेलं, दिवा दिव्यासारखा, जाळी नाही, धूळ नाही, कोंबडी तर औषधालाही नाही. गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवीगार, लखलखीत, कुठल्याही लग्नात शोभावी अशी.

ब्रुनोनं कॅमेरा खाली घेतला. मित्र त्याच्याकडं बघायला लागला. ब्रुनोनं हलक्या आवाजात विचारलं, "हू डिड धिस?"

दोघांनाही इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण पाहुण्याचा चेहरा वाचायला भाषा कशाला लागते? भानुदासरावांनी बंडीच्या खिशातून माझ्या सहीचा कागद काढून पुढं धरला. दादारावांनी मान पुढं करून तो वाचला, भावाकडं पाहून मान हलवली, आणि मग एकाचा उजवा आणि एकाचा डावा असे दोन हात एकाच वेळी माझ्याकडं वळले.

"यायनीच सांगितल्तं," दोघं म्हणाले.

अकरा वर्षांत त्या भावांचं एकमत झालं ते असं.