कासाच्या बाजारातली खाजकोलती

हात लागला की अंगाची आग करणारी खाजकोलतीची वेल आमच्या रानशेत गावच्या कुंपणांवर चढते. भांडखोर बाईलाही आम्ही तेच नाव देतो. कासाच्या बाजारात भाजी विकणाऱ्या एका बाईला सगळे खाजकोलतीच म्हणतात. तिचं खरं नाव मी कधी विचारलं नाही.

परवा ती आली, तर तिच्या नेहमीच्या जागेवर एका टेम्पोवाल्याने कांद्याच्या गोणी रचलेल्या. "जागा काय तुझ्या बापाची?" तो म्हणाला. ही भांडली नाही. डोक्यावरची पाटी उतरवली, त्याच्याच गोणीवर बसली आणि ओरडली, "कांदे फुकट! या, पिशव्या घेऊन या!" मी सगळ्यांच्या पुढे होते. त्याने हात जोडले आणि गोणी उचलल्या. सगळा बाजार हसला.

भेंडी घेताना मी म्हटलं, "शोभतं गं नाव तुला."

"मग! ती वेल कोणाच्या घरी जाऊन झोंबते का, आजी? तिला हात लावायचाच कशाला?" पदर खोचत तिने मूठभर भेंडी वर घातली.

माझी सून माझ्यामागे मलाही खाजकोलतीच म्हणते. घरी गेल्यावर मी तिला सांगितलं, आता तोंडावर म्हण.