खांदा माझा, हात सगळ्यांचे

एखाद्याचा खांदा धरला, की अख्ख्या गावाच्या हातांना खाज सुटते! माझा उजवा धरला दुष्काळाच्या वर्षी, कवठे महांकाळच्या शाळेत शिकवत होते तेव्हा. त्याचे इतके किस्से साठलेत की भेटेल त्याला सांगते, आणि दर वेळी नव्यानं डोकं फिरतं. ऐका.

आधी दुखणं कळू दे. हात खांद्याच्या वर जाईना. वेणी घालता येईना, ब्लाउज चढवताना डोळ्यांत पाणी. आणि आमच्या हेडमास्तरांचा नियम असा, की फळ्याच्या अगदी वरच्या कडेला रोज सुविचार पाहिजे, तोही वर्गशिक्षकाच्याच हातचा. मी म्हटलं, मधे लिहिते. "न्हाई!" खुर्चीवर चढून लिहिते. "पोरं हसतील. दिपोटीसाहेब तपासणीला यायच्या आत हात वर गेला पाहिजे बाई. न्हाईतर तुमी आपली पहिली घ्या."

त्या शाळेत बाईमाणसाला कायम पहिलीच. शेंबूड पुसायला! मी भांडून चौथी मिळवली होती. ती एका खांद्यापायी सोडू?

*

चव्हाण गुरुजी मिलिटरीतून आलेले, कवायत शिकवायचे. मी वह्या तपासत बसले होते. हे मागून आले. "आवं बाई, तुमी मला भैनीसारख्या. पलटणीत असले लय खांदे बसवलेत मी," म्हणता म्हणता हात धरून हिसडा! मी अशी किंचाळले, की शेजारची तिसरी दारात गोळा झाली. एक पोरगी रडायलाच लागली, "गुरुजींनी बाईस्नी मारलं!"

गुरुजी मात्र खूश. "बघा, मोकळा झाला!"

कसला मोकळा! जात होता तेवढाही वर जाईना.

*

शेजारच्या मगदूम काकू एका दुपारी मागच्या दारानं आल्या. हातात बिब्ब्याचं तेल. मी नको नको म्हणेपर्यंत फासूनसुद्धा झालं. सकाळी खांद्यावर हे एवढे फोड! पदर टेकवता येईना, नुसती आग आग. तणतणत त्यांच्या दारात गेले.

काकू शांतपणे तांदूळ निवडत होत्या. "पर आतलं दुखणं इसरलीस का न्हाई?"

*

सासूबाईंचा हात मात्र गोड, खोटं कशाला बोलू? तिळाचं तेल कोमट करून असं चोळायच्या, की डोळे मिटायचे. मिटले रे मिटले, की हाक, "झालं न्हवं? ऊठ, टँकर आलाय. घागरी घे."

एकदा मी म्हटलंच, "आत्याबाई, आज तुमच्या लेकाला धाडा की पाण्याला."

"आगं, त्याचा खांदा दुखंल की!"

*

शेवटी एस.टी. धरली आणि मिरज गाठली. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी आधी विचारलं, "हात लावू का? दुखलं की सांगा, मी थांबेन." मला तिथंच रडू फुटलं. इतक्या हातांतून गेला तो खांदा, पण विचारलं कुणी नव्हतं! त्यांनी शेकायला सांगितलं, भिंतीसमोर उभं राहून बोटं हळूहळू वर चढवायला शिकवलं. म्हणाल्या, "कुणाला ओढू देऊ नका. बरा होईल, पण महिने लागतील."

मी शाळेत हे सांगितलं तर चव्हाण गुरुजी म्हणतात, "भिंतीवर बोटं चालवायला मिरजंला गेलता व्हय?"

*

महिने कुठले मिळायला! दिपोटीसाहेब लगेच टपकले. त्या सकाळी मी फळ्याच्या खालच्या कडेला, हात पोचत होता तिथं, टपोऱ्या अक्षरांत सुविचार लिहिला.

हेडमास्तर दिपोटीसाहेबांना घेऊन वर्गात आले. वरची कड कोरी बघून लालबुंद झाले. "साहेब, ह्या बाईंचा खांदा धरलाय. यांना आता पहिली देणार हाय."

"असं होय!" साहेब हसले. "अहो, माझ्याकडं हमखास इलाज आहे. एकच झटका!" आणि कोटाच्या बाह्या मागं सारत, हात पुढं करून माझ्याकडं यायला लागले.

साहेब आले की पोरांनी उभं राहून सुविचार मोठ्यानं म्हणायचा, हा नियमही हेडमास्तरांचाच. मी पोरांकडं बघून मान हलवली. अख्खी चौथी उभी राहून ओरडली,

"विचारल्याशिवाय कुणाच्या खांद्याला हात लावू नये!"

साहेबांचा हात तिथंच थांबला. त्यांनी वाकून फळा वाचला, हात मागं घेतला आणि हेडमास्तरांकडं वळले.

"वर्ग बाईंचाच आहे ना?"

"व्हय... व्हय साहेब."

मग मला म्हणाले, "बाई, मी इथं बसू का?"